मित्ला कॅफे आणि गिरणगावची खाणावळ : पदार्थाचे नाव उरते, हातांचे का नाही?

१/
सन १९३७. कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो या रेल्वेच्या शहरात एका मेक्सिकन कुटुंबाने छोटेसे उपाहारगृह सुरू केले. नाव ठेवले ‘मित्ला कॅफे’. आज जवळपास नव्वद वर्षांनंतरही ते त्याच कुटुंबाकडे आहे. त्याच काळात सातारा जिल्ह्यातील पाटणच्या डोंगरी खोऱ्यांतून निघालेले तरुण मुंबईच्या गिरणगावात परक्या घरच्या ताटावर दोन वेळ जेवत होते. मित्लाचा इतिहास उशिरा का होईना लिहिला गेला. गिरणगावातील त्या ताटांचा इतिहास अजून तुकड्यातुकड्यांतच आहे. ही दोन स्वयंपाकघरे शेजारी ठेवून पाहण्यासाठी हा धागा.

२/
आधी मित्ला. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतात मित्ला नावाचे प्राचीन स्थळ आहे. तेथील दगडी भिंतींवरील भौमितिक नक्षी प्रसिद्ध आहे. लुसिया रॉड्रिग्ज यांनी पतीसह माउंट व्हर्नन मार्गावर जे उपाहारगृह उघडले, त्याला हे नाव मिळाले. शहराचा हा पश्चिम भाग म्हणजे मेक्सिकन वस्ती. सांता फे रेल्वेच्या यार्डात राबणारी माणसे येथेच राहत. ‘रूट ६६’ हा अमेरिकेचा गाजलेला राजमार्गही याच रस्त्याने जात असे.

३/
काळ लक्षात घेतला पाहिजे. १९३० चे दशक महामंदीचे होते. ‘आमच्या नोकऱ्या यांनी खाल्ल्या’ अशी ओरड करून मेक्सिकन वंशाच्या लक्षावधी लोकांना सीमेपलीकडे पाठवले जात होते. त्यांत अमेरिकेतच जन्मलेले, अमेरिकेचे नागरिक असलेलेही कितीतरी होते. अशा दशकात आपल्या भाषेतील नावाची पाटी भर रस्त्यावर लावणे ही साधी दुकानदारी नव्हती. ‘आम्ही येथेच राहणार आहोत’ असे त्या पाटीने न बोलता सांगितले.

४/
या कॅफेत रेल्वेचे कामगार जेवत, रविवारी चर्चहून परतणारी कुटुंबे बसत आणि वस्तीच्या अडचणींची चर्चाही तेथेच होई. शहरातील पेरिस हिल उद्यानाचा सार्वजनिक जलतरण तलाव मेक्सिकन लोकांना बंद होता. आठवड्यातून जेमतेम एक दिवस तो त्यांच्यासाठी उघडे. कर भरायचा, तलावात मात्र उतरायचे नाही, असा हा न्याय. या अन्यायाविरुद्ध वस्तीतील लोकांनी संरक्षण समिती स्थापन केली. तिच्या बैठका होत त्या मित्ला कॅफेत.

५/
प्रकरण न्यायालयात गेले. ‘लोपेझ विरुद्ध सेकोम्ब’ या खटल्यात फेब्रुवारी १९४४ मध्ये न्यायाधीश लिऑन यांक्विच यांनी शहराच्या विरोधात निकाल दिला. शाळांमधील वर्णभेद मोडणारा ‘ब्राउन’ खटल्याचा निकाल सर्वांना ठाऊक आहे. तो १९५४ चा. त्याच्या दहा वर्षे आधी एका तलावासाठी मिळवलेला हा विजय फारसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या वाचकाला मात्र तळ्याच्या पाण्यावरून झालेला संघर्ष समजावून सांगावा लागत नाही. महाडचे चवदार तळे १९२७ चे आहे.

६/
आता कथेचा दुसरा भाग. १९५० च्या सुमारास मित्लाच्या समोरच ग्लेन बेल नावाच्या तरुणाचा हॅम्बर्गर आणि हॉट डॉगचा गाडा होता. समोरच्या कॅफेतील कुरकुरीत टाकोसाठी रांगा लागतात, हे तो रोज पाहत होता. टाको म्हणजे मक्याची पातळ भाकरी, जिला टॉर्टिया म्हणतात, ती दुमडून तळायची आणि तिच्यात खिमा, पालेभाजी, टोमॅटो, चीज भरायचे. बेल मित्लात जेवू लागला आणि त्या पदार्थाची रीत त्याने समजून घेतली. मग आपल्या दुकानात तो एकोणीस सेंटला टाको विकू लागला.

७/
१९६२ मध्ये त्याने ‘टाको बेल’ सुरू केले. १९७८ मध्ये ही साखळी ‘पेप्सिको’ने विकत घेतली. २०१० मध्ये तिचे भारतातील पहिले दुकान बंगळूरूत उघडले आणि आज पुण्या-मुंबईतील तरुण तेथे टाको खातात. पदार्थ सॅन बर्नार्डिनोच्या एका रस्त्यावरून निघून जगभर गेला. त्याबरोबर नाव गेले ते बेल याचे. बेल याने चोरी केली असे म्हणण्याचे कारण नाही. पाककृतीवर कोणाची मालकी नसते. मात्र कोणाच्या चुलीवर तो शिकला, याचा उल्लेख दीर्घकाळ कंपनीच्या कथेच्या तळटिपेतच राहिला. पत्रकार गुस्ताव्हो अरेयानो यांनी २०१२ च्या आपल्या ‘टाको यूएसए’ या पुस्तकात मित्लाची हकीकत ठळकपणे मांडली आणि मगच ती सर्वदूर पोहोचली.

८/
पदार्थ घ्यायचा आणि तो घडवणाऱ्या हातांना मागे ठेवायचे, ही सवय जुनी आहे. मका हे मुळात मेक्सिकोचे धान्य. तेथील स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून मग पाट्यावर वाटत. सोळाव्या शतकापासून मका युरोपात पसरला. चुन्याची ही रीत मात्र सोबत आली नाही. बायकांच्या स्वयंपाकातील खटपट म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झाले असावे.

९/
त्याची किंमत गरिबांनी मोजली. उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, केवळ मक्यावर जगणाऱ्या लोकांना ‘पेलाग्रा’ हा रोग जडला : त्वचा सोलवटते, जुलाब लागतात, बुद्धिभ्रंश होतो, माणसे दगावतात. चुन्याच्या संस्काराने मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते आणि त्याच्या अभावी हा रोग होतो, हे विज्ञानाला उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. नायसिनचा हा गुण प्रयोगशाळेत सिद्ध झाला तो १९३७ मध्ये, म्हणजे मित्ला कॅफे उघडले त्याच वर्षी. स्वयंपाकघरातील ज्ञान ‘इतिहास’ मानले नाही की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

१०/
पाटणच्या स्वयंपाकघरातही मेक्सिको आहेच. मिरची तिकडची. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि तेथून घाटावर चढली. यादवकालीन मराठी स्वयंपाकात तिखटपणा होता तो मिरे आणि पिंपळीचा. म्हणजे आज ज्याला ‘अस्सल गावरान ठेचा’ म्हणतात, तो यादवांच्या मुदपाकखान्यात कोणाला करताच आला नसता. ‘अस्सल’ या शब्दाच्या आत नेहमी एक प्रवास दडलेला असतो, आणि प्रत्येक प्रवासाला पाय असतात. पाटणच्या माणसांचाही असाच एक प्रवास आहे.

११/
पाटण हे कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावरचे तालुक्याचे गाव. पश्चिमेला सह्याद्री, कुंभार्ली घाट आणि त्यापलीकडे चिपळूण. पूर्वेला कऱ्हाडचा सपाट, सुपीक प्रदेश. तालुक्याचा मोठा भाग डोंगरउताराचा. पाऊस भरपूर, पण जमीन हलकी आणि तुकड्यातुकड्यांची. नाचणी, वरी, भात एवढ्यावर मोठे कुटुंब वर्षभर निभावत नसे. घरातील एकाने तरी मुंबई गाठायची, हा येथील कित्येक पिढ्यांचा शिरस्ता होता. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरणी उभी राहिली आणि पुढील शंभर वर्षांत रत्नागिरी व सातारा या जिल्ह्यांनी गिरणगावाला मनुष्यबळ पुरवले.

१२/
विसाव्या शतकाच्या मध्यावर या शिरस्त्याला आणखी कारणे जोडली गेली. १९५६ मध्ये कोयना धरणाचे काम सुरू झाले आणि शिवाजीसागर जलाशयाखाली अनेक गावे गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरे कोसळली. ज्या खोऱ्याने राज्याला वीज दिली, त्या खोऱ्यातील तरुणांना पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागली. ही विसंगती पाटणच्या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

१३/
मुंबईत उतरलेला तरुण राहायचा कोठे? गावच्या मंडळींनी मिळून भाड्याने घेतलेल्या चाळीतील खोलीत. एका खोलीत दहा-पंधरा जण, कधी त्याहूनही अधिक. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच वळकटीवर दिवसपाळीचा आडवा होई. राहण्याची सोय अशी झाली. प्रश्न उरे जेवणाचा. बायको गावी शेती आणि सासू-सासरे सांभाळत असे. खोलीत चूल नाही, आणि बारा तास राबून आलेल्या माणसाला स्वयंपाकाचे बळ नाही.

१४/
त्यात पैशाची अडचण. गिरण्यांचा पगार महिन्याने होई, तोही महिना संपल्यावर बऱ्याच दिवसांनी. नव्याने लागलेल्या माणसाच्या हाती पहिला पगार पडायला दीड महिना सहज लोटे. बदली कामगाराची स्थिती आणखी बिकट : रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभे राहायचे, जॉबरने हाक मारली तर काम, नाहीतर परत. अशा माणसाला रोख पैसे न घेता, ओळखीवर, दोन वेळ जेवू घालणारे कोणीतरी असल्याशिवाय मुंबईत त्याचा पाय टिकणे शक्य नव्हते. तेव्हा ज्या कुटुंबांनी त्याला जेवू घातले, त्यांच्या घरालाच ‘खाणावळ’ म्हणत.

१५/
गिरणगावच्या खाणावळीला बहुधा पाटी नसे. दहा बाय बाराच्या खोलीत संसार, आणि त्याच खोलीत पंधरा-वीस ‘मेंबरां’ची पंगत. पहिली पंगत उठली की जमीन पुसून दुसरी. भाकरी किंवा चपाती, भाजी, आमटी, भात. आठवड्यातून एखाद्या दिवशी मटण किंवा सुकी मासळी. पहाटेच्या पाळीसाठी डबा बांधायचा तर चूल पहाटे तीनलाच पेटवावी लागे. रात्रीची पाळी सुटून येणाऱ्याचे ताट झाकून ठेवायचे. गिरणीत तीन पाळ्यांसाठी तीन वेगळी माणसे असत. खाणावळीत तिन्ही पाळ्या एकाच बाईच्या वाट्याला येत.

१६/
हिशेबाची पद्धतही पाहण्यासारखी होती. दर महिन्याचा दर ठरलेला. माणूस गावी गेला किंवा एखाद्या वेळी जेवला नाही, तर त्याचा ‘खाडा’ मांडायचा आणि तेवढी रक्कम वजा करायची. पगाराच्या दिवशी वसुली. लिहिता येत नसलेल्या बायका भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढत, किंवा शाळेत जाणाऱ्या पोराकडून वही लिहून घेत. ही वही म्हणजे एका अर्थी गिरणगावची बँक होती. तिच्यात तारण नव्हते, व्याज नव्हते. होती ती फक्त ‘हा अमुक गावचा, अमक्याचा मुलगा’ एवढी ओळख.

१७/
या व्यवसायात बायकाच का आल्या? १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांत एक कामगार स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती तर बायकांचीच. पुढे रात्रपाळीस बंदी, प्रसूतिरजेचा खर्च आणि नवी यंत्रे ही कारणे पुढे करत मालकांनी स्त्रियांना हळूहळू बाहेर काढले. १९७० च्या दशकापर्यंत त्यांचे प्रमाण अगदी नगण्य झाले. गिरणीतून गेलेली बाई, नवरा आजारी पडलेली बाई, विधवा झालेली बाई यांपैकी अनेकींसाठी खाणावळ हाच उरलेला मार्ग होता. म्हणून तिला ‘घरगुती उद्योग’ म्हणणे पुरेसे ठरत नाही. कारखान्याने नाकारलेले श्रम त्याच कारखान्याला पडद्याआडून पुरवण्याची ती व्यवस्था होती. कामगार कमी पगारात जगू शकत होता, कारण त्याच्या जेवणामागचे श्रम स्वस्तात मिळत होते. गिरणीमालकांच्या नफ्यात या चुलीचाही हिस्सा आहे.

१८/
येथे ‘कुटुंबाने चालवलेले’ या गोड शब्दप्रयोगाकडे जरा कठोरपणे पाहिले पाहिजे. उपाहारगृहांच्या जाहिरातीत तो अभिमानाने मिरवतो. पण कुटुंब चालवते म्हणजे नेमके कोण राबते? मजुरी न घेता कांदे चिरणारी मुलगी, शाळा सुटलेली थोरली बहीण, लग्न होऊन आल्या दिवसापासून भाकऱ्या थापणारी सून. सॅन बर्नार्डिनो असो वा लालबाग, कुटुंबाच्या हिशेबात या हातांची मजुरी कधी मांडलीच जात नाही. व्यवसाय टिकला तर श्रेय कुटुंबाचे. झीज मात्र एकेका बाईच्या गुडघ्यांची आणि डोळ्यांची.

१९/
मित्लात समितीच्या बैठका झाल्या, तसे खाणावळीचेही राजकारण होते. १९२८ चा गिरणी संप सुमारे सहा महिने चालला. इतके दिवस पगार नसताना लाखाहून अधिक माणसे तग धरून राहिली ती कशाच्या बळावर? इतिहासाच्या पुस्तकांत पुढाऱ्यांची भाषणे येतात, वाटाघाटी येतात. पण संप टिकतो तो उधारीवर. वाणी उधार देतो तोवर, घरमालक भाड्यासाठी थांबतो तोवर आणि खाणावळवाली ताट वाढते तोवर. तिने वही मिटली की संप मिटला. ती कोणत्याही युनियनच्या व्यासपीठावर नव्हती, तरी संपाचे आयुष्य तिच्या हातात होते.

२०/
१९७३-७४ च्या हिवाळ्यात गिरणी कामगारांचा सहा आठवड्यांचा संप झाला. अनेक खाणावळवाल्यांनी अंगावरचे डाग गहाण टाकून मेंबरांना जेवू घातले आणि त्या स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या. गोवा मुक्तिलढ्यातील आणि कामगार चळवळीतील कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले. १९७५ मध्ये त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. बायकांचे गट करून, एकीने दुसरीची हमी द्यायची आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून बिनतारण कर्ज मिळवायचे, असा मार्ग त्यांनी काढला. ‘सूक्ष्म वित्त’ हा शब्द रूढ होण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे. ज्या बाईने वर्षानुवर्षे इतरांना उधार दिले, तिला स्वतःची पत सिद्ध करायला १९७५ साल उजाडावे लागले.

२१/
पाटणच्या सार्वजनिक स्मृतीत मुंबईला गेलेल्या माणसांपैकी एक नाव ठळक आहे : तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील. डोक्यावर आणि पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांना त्यांनी संघटित केले आणि त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. असंघटित श्रमिकांसाठीचा तो देशातील अग्रगण्य कायदा मानला जातो. हा वारसा अभिमानाचाच आहे. पण पाठीवर पोते वाहणारा हमाल कायद्याच्या नजरेला दिसला, आणि त्या हमालाला भाकरी देणारी बाई त्याच कायद्याला दिसली नाही, हेही नोंदवले पाहिजे. तिच्यासाठी ना मंडळ, ना भविष्यनिर्वाह निधी, ना हजेरीपुस्तक.

२२/
खाणावळीचे चित्र केवळ मायेने रंगवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या ओळखीवर उधारी मिळे, ती ओळख गावाची आणि जातीची असे. पंगतीही तशाच विभागलेल्या. गिरणीच्या साचाखात्यात धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे मज्जाव होता. त्या खात्यात पगार अधिक असे. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८ च्या संपाच्या काळात आग्रहाने मांडला. यंत्रापाशी जो भेद पाळला जाई, तो ताटापाशी पाळला जात नव्हता असे मानणे भाबडेपणाचे आहे. सॅन बर्नार्डिनोच्या तलावाबद्दल संताप येत असेल, तर हा प्रश्नही विचारला पाहिजे : पाटणच्या त्याच खोऱ्यातील दलित तरुण मुंबईत उतरला, तेव्हा तो कोणत्या पंगतीला बसला?

२३/
१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाचा औपचारिक शेवट कधी झालाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, माणसे गावी परतली. पाटणच्या कित्येक वाड्यांत या काळात परतलेले लोक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ज्यांच्याकडे ते जेवत, त्या खाणावळींचे काय झाले? मेंबर गेले, थकलेली उधारी वहीतच राहिली. गिरणीला टाळे लागल्याची तारीख सापडते. चूल विझल्याची तारीख कोठेही नोंदलेली नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले आणि त्या मॉलमध्ये टाकोही विकला जाऊ लागला.

२४/
यावर तीन आक्षेप येतात. पहिला : याला कागदपत्रे नाहीत, मग इतिहास कसला? उत्तर असे की कागद नसणे हा स्वतःच पुरावा आहे. कोणाचे श्रम नोंदण्यालायक मानले गेले हे त्यातून कळते. शिवाय साधने अगदीच नाहीत असे नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ मध्ये गिरणगावचा जो मौखिक इतिहास प्रसिद्ध केला, त्याने माणसांच्या तोंडून काळ कसा उभा करता येतो हे दाखवून दिले आहे.

२५/
दुसरा आक्षेप : खाणावळ ही तर सर्वत्र होती, तिच्यात विशेष काय? विशेष हेच की ती सर्वत्र होती. ज्या व्यवस्थेवर लाखो माणसे जगली ती ‘सामान्य’ म्हणून वगळायची आणि एखाद्या सरदाराच्या मुक्कामाची तिथी मात्र घासून पुसून काढायची, हा प्राधान्यक्रम तपासायला हवा. तिसरा आक्षेप : हे स्मरणरंजन आहे. तो धोका खरा आहे. महामार्गावर जागोजाग ‘घरगुती चव’, ‘आईच्या हातचे’ अशा पाट्या झळकतात. आतील स्वयंपाकी कोण, त्याला पगार किती, हे त्या पाट्या सांगत नाहीत. चवीचा अभिमान आणि श्रमांचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने धंदा चालतो, दुसऱ्याने कोणाचे तरी देणे मान्य होते.

२६/
म्हणून पाटण आणि परिसरातील तरुण इतिहासप्रेमींसाठी काम समोर आहे. गावात परतलेल्या गिरणी कामगाराला केवळ ‘कोणत्या गिरणीत होता?’ एवढेच विचारून थांबू नये. जेवत कोठे होता? खाणावळवालीचे नाव काय, गाव कोणते, जात कोणती? पहिल्या पगाराआधी किती दिवस उधार जेवला? संपात ताट बंद झाले का? देणे फिटले का? जुनी वही, गावमंडळाचे हजेरीपुस्तक, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, पंगतीचा एखादा फोटो असल्यास त्याचे छायाचित्र घ्यावे, तारीख आणि सांगणाऱ्याची संमती नोंदवावी. आणि शक्य तेथे त्या बाईला, तिच्या मुलीला, सुनेला प्रत्यक्ष विचारावे. नवऱ्याच्या उत्तरावर तिचा इतिहास लिहू नये.

२७/
मित्ला कॅफेचे नाव वाचले, कारण कुटुंबाने दार उघडे ठेवले आणि कोणीतरी वेळेत जाऊन विचारले. गिरणगावच्या बहुतेक खाणावळींचे दार केव्हाच बंद झाले. उरली आहे ती विचारण्याची वेळ, आणि तीही थोडी. पाटणजवळच्या दातेगडावर कातळात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे. दर रविवारी तरुण तेथे जातात, तिची मापे घेतात, छायाचित्रे काढतात, ते करावेच. पण गड उतरताना वाटेवरच्या वाडीत एखादी म्हातारी ओटीवर बसलेली असेल. चाळीतील खोलीत वीस माणसांचा स्वयंपाक तिने एकटीने केला असेल. विहीर पुढच्या रविवारीही तेथेच असणार आहे. म्हणून यंदाच्या रविवारी आधी ओटीवर थांबावे.